चिठ्ठीखालचा पत्ता

आंबेखोल नावाच्या गावात एक वाचनालय होतं, आणि त्या वाचनालयात कालिंदी नावाची एक ग्रंथपाल होती. वाचनालय बाजारपेठेच्या टोकाला, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. खाली गिरणी सुरू झाली की वर कपाटांच्या काचा थरथरायच्या. दोन वर्षं तिथं काढूनही कालिंदी दर वेळी दचकायची.

ती परगावची. शिकून, परीक्षा देऊन नोकरीला आलेली. गावात तिचं असं कुणी नव्हतं. भाड्याची एक खोली, एक स्टोव्ह, एक खिडकी, एवढाच संसार. वाचनालयात माणसं यायची, पण ती वर्तमानपत्रासाठी. तिच्याशी बोलणं म्हणजे, "ओ बाई, हे बदलून द्या." भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. वाचक ती पाटी कधी मानत नसत. कालिंदीला मात्र दिवसचे दिवस ती मानावी लागे.

एकदा कपाट झाडताना तिला मागच्या रांगेत एक पातळ पुस्तक सापडलं. पाच-सहा वर्षांपूर्वी विकत घेतलेलं आणि विसरून गेलेलं. नाव होतं 'पाखरं काय म्हणतात'. लिहिणारे कुणी शिवराम पाडळकर. या पाडळकरांनी डोंगरात बसून पाखरांच्या हाका ऐकल्या होत्या आणि त्या माणसांच्या बोलीत उतरवल्या होत्या. पावशा 'पेरते व्हा' म्हणतो हे साऱ्या मुलखाला ठाऊक. ते त्यांनी एका ओळीत उरकलं होतं. पण भारद्वाजाबद्दल लिहिलं होतं, 'हा स्वतः बोलत नाही. हा दुसऱ्याचं ऐकून घेतो आणि हं, हं, हं असा हुंकार देतो. ज्याचं ऐकायला घरी कुणी नाही, त्यानं याच्या झाडाखाली जाऊन बसावं.'

कालिंदीनं ते पान दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटून तिनं ते कपाटात परत न ठेवता आपल्या टेबलावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते पुस्तक खालच्या गिरणीवाल्या भागूकाकीला वाचायला दिलं. भागूकाकी चार दिवसांनी जिना चढून आली ती हसतच.

"काय गं हे पुस्तक! टिटवी म्हणे ओरडते, 'कुणी हात लावला, कुणी हात लावला.' अगदी माझ्या सासूबाई, लोणच्याच्या बरणीपाशी!"

भागूकाकीला कळलं म्हणजे गावाला कळलं. दळणाच्या रांगेत पुस्तकाची चर्चा झाली. माणसं जिना चढून येऊ लागली. कुणी म्हणे, आमच्या परसातला होला असं नाही म्हणत. कुणी म्हणे, हा तांबट दुपारभर काय ठोकतो ते पुस्तकात बघून सांगा ना. कालिंदी बोलायची, हसायची. दोन वर्षांत तिच्या टेबलापुढं खुर्ची ओढून कुणी बसलं नव्हतं. आता बसू लागलं.

पण पुस्तक एकच. "गेलंय हो, पुढच्या आठवड्यात या," असं म्हटलं की माणूस मान हलवून जिना उतरायचा. जिन्यावरून खाली जाणाऱ्या चपलांचा तो आवाज कालिंदीला सोसेना. तिनं तालुक्याच्या पुस्तकाच्या दुकानात विचारलं. दुकानदारानं मान वर न करताच सांगितलं, "मिळत नाही." एवढ्यावर तिची चौकशी संपली. लिहिणाऱ्याला विचारावं हे तिच्या मनातही आलं नाही. लिहिणारी माणसं कुठंतरी लांब, मोठ्या शहरात असतात, असं तिला वाटे.

तिनं पुस्तक झेरॉक्सवाल्याकडं नेलं. आता वाचनालयाच्या पुस्तकाचं पहिलं पान कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. नावावर गोल शिक्का, शिक्क्यावर दाखल क्रमांक, क्रमांकावर सही. आणि पानाच्या मागच्या बाजूला परतीच्या तारखा टाकायची लांब चिठ्ठी, चारी बाजूंनी खळीनं चिकटवलेली. ती चिठ्ठी कालिंदीनंच नव्यानं चिकटवली होती, खाली काय छापलंय ते न बघता.

झेरॉक्सवाला म्हणाला, "बाई, हे पान काळंकुट्ट येतंय. घेऊ का?"

"राहू दे," कालिंदी म्हणाली. "पाखरं तर पुढच्या पानापासून आहेत."

अशा चाळीस प्रती झाल्या. तिनं त्यांना करडा पुठ्ठा लावला, वर वाचनालयाचा शिक्का मारला. दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांक नव्हता, म्हणून देवघेवीच्या वहीत त्यांची नोंद होईना. त्या नुसत्याच हातोहात फिरू लागल्या. आणि गाव कालिंदीला 'ओ बाई' म्हणायचं सोडून 'कालिंदीताई' म्हणू लागलं. पुस्तकाला लोक 'ताईंचं पुस्तक' म्हणू लागले. पहिल्यांदा तिनं चूक दुरुस्त केली. दुसऱ्यांदा नुसतं हसली. तिसऱ्यांदा तिला ते ऐकायला बरं वाटलं.

वाचनालयाचे अध्यक्ष नानासाहेब निकते यांच्या कानावर हे गेलं. वर्धापनदिन जवळ आला होता. ते म्हणाले, "आपण हे वाचनालयातर्फे छापूनच काढू. वर तुमचं नाव घालू. संकलन, कालिंदी अमुक-तमुक."

"पण नानासाहेब, ते पाडळकर म्हणून कुणी…"

"अहो, पुस्तक आपण विकत घेतलंय ना? मग आपलं झालं. म्हैस घेतल्यावर दूध काय तिच्या जुन्या मालकाला विचारून काढता?"

कालिंदीनं पाडळकरांचा विषय तिथंच सोडला. खरं तर तो पुढं न्यावा असं तिला फारसं वाटलंही नाही.

आठवडाभरात, एका मंगळवारी दुपारी, गिरणी बंद असताना एक म्हातारा माणूस जिना चढून आला. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. टेबलाशी येऊन तो अवघडून उभा राहिला.

"तुमच्याकडं पाखरांवरचं एक पुस्तक आहे का? 'पाखरं काय म्हणतात'?"

"आहे की! पण आत्ता सगळं बाहेर…" एवढं बोलून कालिंदी थांबली. मूळ पुस्तक तिच्या खणात होतं. ते तिनं पुढं केलं. "हे इथंच बसून बघा."

म्हाताऱ्यानं ते हातात घेतलं, उघडलं मात्र नाही. नुसता हात फिरवला.

"माझंच आहे," तो म्हणाला. "म्हणजे, मी लिहिलेलं. मी शिवराम पाडळकर."

कालिंदी इतकी दचकली की टेबलावरचं शिक्क्याचं पॅड खाली पडलं.

"घाबरू नका," पाडळकर म्हणाले. "मी काही मागायला आलो नाही. एवढंच विचारायचं होतं की, हे कुणी नेलं होतं का वाचायला? तुमच्याकडं वही असते ना?"

वही टेबलावरच होती. कालिंदीनं पान काढलं. मूळ पुस्तक नव्या प्रती होण्याआधी तीन वेळा बाहेर गेलं होतं. वहीत तेवढ्याच तीन नोंदी. पाडळकरांनी एकेका नावाखाली बोट ठेवून ती तिन्ही नावं वाचली.

"तीन," ते म्हणाले. "म्हणजे खूपच की. गेल्या महिन्यात दोन वाचनालयांत जाऊन आलो. तिथं कुणी उघडलंही नव्हतं."

मग ते आपणहून बोलत राहिले. ज्याच्याशी फार दिवसांत कुणी बोललेलं नसतं, तो माणूस बोलतो तसं. त्यांनी पस्तीस वर्षं पोस्टात काढली होती. दोन डोंगरांपलीकडच्या करवंदवाडीत राहायचे. बायको गेल्यावर घरात आवाज उरला नाही, म्हणून पाखरांचा ऐकू लागले. त्याचं पुस्तक झालं. आत त्यांनी आपला पत्ता दिला होता.

"जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली," ते म्हणाले. "वाटलं, आता आपल्यालाही एखादं येईल. कुणीतरी कळवील की आमच्या गावचं पाखरू असं म्हणतं. पाच वर्षं झाली. पोस्टमन दारावरून जातो, मी ओट्यावर बसलेला असतो. आता तोही बिचारा मान खाली घालून जातो. दुसरा भाग लिहीत होतो, ओढ्यावरच्या पाखरांचा. पण कुणाला हवाय तो? दुकानदारांनी परत केलेल्या अडीचशे प्रती घरात पडून आहेत. गुरुवारी रद्दीवाला येतोय. त्या देतो, आणि वह्याही बांधून माळ्यावर टाकतो."

अडीचशे प्रती. दोन डोंगरांपलीकडं. आणि ती म्हणत होती, मिळत नाही.

कालिंदीला एक वाक्य बोलायचं होतं. गावात चाळीस प्रती फिरताहेत, पाडळकर, दळणाच्या रांगेत तुमची टिटवी ओरडतेय. पण त्या वाक्याला जोडून दुसरं वाक्य आलं असतं, आणि त्यावर तुमचं नाव नाही, असं. ते तिला बोलवेना. म्हातारा "येतो" म्हणाला. जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खाली गेला.

तो गेल्यावर तिनं ओल्या फडक्यानं पहिल्या पानामागची चिठ्ठी भिजवली आणि हळूहळू सोडवली. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'या पुस्तकाचे सर्व हक्क लेखकाकडे आहेत. कुणाला यातलं काही छापायचं असेल, नक्कल काढायची असेल, तर एक कार्ड टाकावं. मी नाही म्हणणार नाही. तुमच्याकडची पाखरं काय म्हणतात तेही कळवावं.' आणि खाली पत्ता. त्याच पत्त्यावर तिनं परतीच्या तीन तारखा टाकल्या होत्या.

बुधवारी ती आजारी असल्याचं कळवून खोलीत पडून राहिली. गुरुवारी वाचनालयात आली तर टेबलावर छापखान्यातून आलेलं मुखपृष्ठ पडलेलं. 'पाखरं काय म्हणतात. संकलन: कालिंदी.' ज्या जागी शिवराम पाडळकर असायला हवं त्या जागी आपलं नाव बघून तिला भीती वाटली. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या ताटावर आपण बसलोय, आणि तो दारात उभा राहून आपल्यालाच नमस्कार करतोय, असं काहीतरी. ती तशीच उठून नानासाहेबांकडं गेली.

"हे छापता येणार नाही. लिहिणारे हयात आहेत. आणि नसते, तरी त्यांच्यामागं साठ वर्षं छापण्याचा हक्क त्यांच्या वारसांचा असतो."

नानासाहेबांनी चष्मा काढला. "म्हैस आपली नाही म्हणता?"

"पुस्तक आपलं आहे, नानासाहेब. ते हजार जणांना वाचायला द्या, कुणाला विचारायला नको. पण तशीच दुसरी म्हैस घडवण्याचा हक्क आपण घेतलेला नाही."

"वर्धापनदिनाला तोंडघशी पाडलंत मला."

"मी पडलेच आहे," कालिंदी म्हणाली. "तुम्ही अजून यातून सुटू शकता."

मग ती चाळीस प्रती गोळा करत घरोघर फिरली. प्रत्येक दारात तिनं तेच सांगितलं. भागूकाकी कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"म्हणजे इतके दिवस आम्ही चोरीचा माल वाचत होतो?"

"वाचण्यात तुमची चोरी नाही, काकी. नक्कल मी काढली. नाव मी गाळलं."

"आणि आम्ही ताई ताई करत होतो, ते गुमान ऐकून घेतलंस."

"हो."

भागूकाकीनं प्रत आणून तिच्या पिशवीत टाकली. "शिकलेली माणसं बाई तुम्ही," एवढंच बोलली आणि आत गेली.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं कालिंदी करवंदवाडीला गेली. पाडळकर ओट्यावरच होते. त्यांनी बसायला सांगितलं, पण ती बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. प्रती, गाळलेलं पान, चिठ्ठी, 'ताईंचं पुस्तक', मंगळवारचं गप्प राहणं. काहीच झाकलं नाही.

पाडळकर पहिल्यांदा एवढंच म्हणाले, "चाळीस जणांनी वाचलं?"

"जास्तच. एकेक प्रत तीन-तीन घरं फिरली."

त्यांचा चेहरा उजळला, आणि उजळता उजळताच विझला. "आणि त्यातल्या एकालाही माझं नाव ठाऊक नाही."

"तुमच्या त्या अडीचशे प्रती…"

"काल गेल्या," ते म्हणाले. "काल सकाळी."

ओट्यापलीकडच्या झाडीत कुठलंतरी पाखरू ओरडत होतं. दोघांपैकी कुणीच त्याचं नाव घेतलं नाही.

मग पाडळकर बोलू लागले. आवाज चढला नव्हता. पोस्टाच्या खिडकीतून नियम समजावून सांगावा तसा होता. "पाखराची हाक माझी नाही. ती तुम्हीही ऐका, लिहा, तुमचं पुस्तक करा, मी कोण अडवणार? पण मी ऐकून जे शब्द बसवले ते माझे. त्यासाठी कुठं नोंदणी करावी लागत नाही. लिहिलं की हक्क लागला. कुणाला अभ्यासाला दोन पानं उतरवून हवी असतील, त्याला कुणी हरकत घेत नाही. आणि पुस्तक विकत मिळेनासंच झालं, तर वाचनालयाला आपल्या वापरासाठी तीन प्रतींपर्यंत काढायला कायदाच मुभा देतो." ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "परवापर्यंत ते मिळत होतं. आता मिळत नाही. आता काढा तीन."

कालिंदीच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, कारण दोन्ही हातांत पिशव्या होत्या.

"या चाळीस प्रतींचं काय करू?" तिनं विचारलं. "जाळून टाकू?"

पाडळकरांनी पिशवीतून एक प्रत काढली. करडा पुठ्ठा उघडला. पहिलंच पान टिटवीचं. ते त्यांनी वाचलं, जणू दुसऱ्याच कुणाचं वाचावं तसं. मग आत जाऊन टाक आणि दौत घेऊन आले.

"लोकांच्या हातात फिरतील अशा माझ्या पुस्तकाच्या प्रती आता एवढ्याच उरल्या," ते म्हणाले. "राहू द्या. पण नाव असल्याशिवाय एकही नको."

दुपारपर्यंत ते लिहीत होते. प्रत्येक प्रतीच्या पुठ्ठ्यामागं नाव, आणि नावाखाली पत्ता. चाळीस वेळा. कालिंदी समोर बसून एकेक प्रत उघडून धरत होती आणि शाई वाळली की बाजूला ठेवत होती. शेवटी त्यांनी एका कार्डावर परवानगी लिहून दिली, तारीख घातली, सही केली. "तोंडी परवानगी वाऱ्यावर जाते. हे जपून ठेवा."

निघताना तिनं भीत भीत विचारलं, "आणि त्या ओढ्यावरच्या पाखरांच्या वह्या?"

"त्या माझ्या आहेत," पाडळकर म्हणाले. "उघडायच्या की चुलीत घालायच्या ते मी बघेन."

वर्धापनदिनाला कालिंदीनं सगळ्यांसमोर उभं राहून झालं ते सांगितलं. नानासाहेब तिच्याकडं न बघता हारतुरे मोजत होते. प्रती पुन्हा फिरू लागल्या, या वेळी नाव आणि पत्ता घेऊन, वहीत नोंद होऊन. मग जे व्हायचं तेच झालं. लोक पाडळकरांना पत्रं लिहू लागले. काहीजण रविवारी एसटी पकडून करवंदवाडीलाच जाऊ लागले. भागूकाकी आपल्या परसातल्या होल्याची तक्रार थेट त्यांच्याकडंच घेऊन गेली आणि जेवूनच परतली म्हणे.

कालिंदीच्या टेबलापुढची खुर्ची रिकामी झाली. पाखरांबद्दल बोलायला आता तिच्याकडं कुणी येत नव्हतं, आणि ज्यांनी तिच्यावर विश्वास टाकला होता ती माणसं तिला पुन्हा 'ओ बाई' म्हणू लागली होती. तिनं कुणाला दोष दिला नाही. ती माणसं पहिल्यापासूनच दुसऱ्याची होती. पाच वर्षं कुणीतरी ओट्यावर बसून त्यांची वाट बघत होतं. पण संध्याकाळी कुलूप लावताना तिला जिन्यावर आपल्याच चपलांचा आवाज तेवढा ऐकू यायचा, आणि तो फार मोठा वाटायचा.

असे तीन महिने गेले. मग एके दिवशी टपालानं तिच्या नावावर एक पुडकं आलं. आत जाड दोऱ्यानं शिवलेली एक वही होती. हातानं लिहिलेली, खाडाखोड केलेली, शेवटची काही पानं अगदी ताज्या शाईची. वर एक चिठ्ठी टाचलेली होती.

'ओढ्यावरची पाखरं. अजून कुणाला दाखवलेलं नाही. तुम्ही वाचा. नक्कल काढू नका. वाचून काय वाटलं ते कळवा. शि. पा.'

कालिंदीनं ती वही वाचली. दोन पानं तिला फार आवडली, इतकी की ती उतरवून घ्यावीत म्हणून हात पेनाकडं गेलासुद्धा. तो तिनं मागं घेतला. वही जशी आली होती तशीच कागदात गुंडाळली, दोरा बांधला. मग एक कोरा कागद पुढं ओढला आणि आंबेखोलला आल्यापासूनचं आपलं पहिलं पत्र लिहायला घेतलं.

'श्री. शिवराम पाडळकर यांस, सप्रेम नमस्कार…'

तात्पर्य: पुस्तक विकत घेतलं म्हणजे कागद आपला होतो, त्यावर लिहिलेलं नव्हे. ते वाचायला खुशाल साऱ्या गावाला द्यावं, पण नक्कल काढण्याआधी लिहिणाऱ्याला विचारावं, आणि त्याचं नाव कधीच गाळू नये. आपलं एकटेपण दुसऱ्याच्या वाट्याचं घेऊन भरू पाहणाऱ्याच्या हाती शेवटी दोघांचं एकटेपण येतं.